तिसऱ्या खंडाची मागची बाजू

त्र्यंबक शेडगे सतरा वर्षं जमिनीखाली नोकरी करत होता. खाणीत नव्हे, अमेरिकेतल्या वूस्टर गावातल्या हॉलब्रुक लाइफ अँड अॅक्सिडेंट या विमा कंपनीच्या तळघरात. कंपनी अठराशे चौसष्टची. वरच्या पाच मजल्यांवर नवे विमे विकले जायचे, आणि खाली गेल्या शतकातली एकेचाळीस चामडी रजिस्टरं त्र्यंबकच्या राखणीत असायची.

माण तालुक्यातल्या कुरणवाडीत गुरं राखलेला गडी तो. कोल्हापुरात राहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि एकोणीसशे सहासष्ट साली इकडं आला. विमा कंपनीत वर चढायचं तर अॅक्च्युअरीच्या, म्हणजे विम्याच्या गणिताच्या, दहा परीक्षा असतात. त्र्यंबकनं पाच मारल्या आणि सहावीला जो फतकल मारून बसला तो उठलाच नाही. चार खेपा नापास झाल्यावर कंपनीनं त्याला जुन्या दप्तराकडं धाडलं.

तिथं मात्र त्याचं मन लागलं. कुठलं रजिस्टर कुठं फाटलंय, कुठल्या कारकुनाचं अक्षर जेवणानंतर बिघडतं, सगळं त्याला ठाऊक. गुराला ओळखीची खूण करावी तशी प्रत्येक रजिस्टरात त्यानं एक पिवळी चिठ्ठी घातली होती. आत काय आहे ते दोन ओळींत, खाली तारीख आणि आपलं नाव. भिंतीवर अठराशे पासष्टचा एक तक्ता फ्रेम करून टांगलेला होता. अपघातात दोन्ही हात गेले तर पुरी रक्कम, एक हात गेला तर निम्मी, एक डोळा गेला तर तिसरा हिस्सा. माणसाचा असा सरळ हिशेब त्र्यंबकला आवडायचा.

सगळ्यात आवडायचा तिसरा खंड. त्या काळी कागद महाग, म्हणून कारकुनांनी एकाच रजिस्टराचे दोन केले होते. पुढून लाइफचे विमे लिहिले, आणि रजिस्टर उलटं फिरवून मागून अपघाताचे दावे. मधे पन्नासेक कोरी पानं. पाठीवर सोनेरी अक्षरांत नुसतं 'लाइफ'. ही गोष्ट साऱ्या कंपनीत एकट्या त्र्यंबकला माहीत होती. बहात्तरच्या नोव्हेंबरात त्याला ती गवसली आणि त्यानं मागच्या पहिल्या पानावर चिठ्ठी ठेवली.

त्या पानावर कंपनीचा पहिला अपघात होता. कंपनी सांगायची की पहिला दावा एका इंजिन ड्रायव्हरचा. पूल खचला तेव्हा ब्रेक धरून राहिला, माणसं वाचवली आणि मेला. त्याचं तैलचित्र खाली दारातच लावलेलं. पण रजिस्टरात त्याच्या वर्षभर आधी, मार्च पासष्टमध्ये, जवळच्याच श्रूजबरीचा अमॉस हार्लो नावाचा शेतकरी होता. धार काढताना गाईनं लाथ मारली, डावा हात मोडला. कंपनीनं कळवलं, गाय तुझी, तिची खोड तुला ठाऊक, हा अपघात नव्हे. अमॉसनं उलट लिहिलं, येऊन बघा. मालक हॉलब्रुक स्वतः सूटबूट घालून गोठ्यात गेला आणि बघायला वाकला. दावा क्रमांक दोन : हॉलब्रुक, कंपनीचा अध्यक्ष, उजवा गुडघा, तीच गाय. अमॉसचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले.

वाचून त्र्यंबक एकटाच हसला होता. घरी बायकोला, कांचनला, सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सायबाला सांगा की मग."

"आत्ता न्हाई. टाइम आला की सांगंन."

तो टाइम सतरा वर्षं पिकत पडला.

दरम्यान ऐंशी साली श्रीरंग आठल्ये आला. पुण्याचा, सदाशिव पेठेतला. विमानतळावरून त्याला आणला त्र्यंबकनं, तीन आठवडे आपल्या घरी ठेवला, कांचननं भाकरी थापून घातल्या. नोकरीसाठी अर्ज कुणाकडं द्यायचा तेही त्र्यंबकनंच सांगितलं. श्रीरंगनं सहा वर्षांत दहाच्या दहा परीक्षा काढल्या आणि पाचव्या मजल्यावर खिडकीची खोली पटकावली. पुढं त्यानं त्र्यंबक राहायचा त्या श्रूजबरीतच टेकडीवर घर घेतलं. त्र्यंबकचं घर उतारावर. हिवाळ्यात श्रीरंगच्या ड्राइव्ह-वेवरचं बर्फ वितळलं की पाणी त्र्यंबकच्या दारात यायचं. यात श्रीरंगचा काही दोष नव्हता. त्र्यंबकला त्याचाही राग होता.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण श्रीरंग भेटला की "त्र्यंबकराव" म्हणायचा, दिवाळीला आधी त्यांच्याकडं यायचा, वहिनींच्या ठेच्याची चारचौघांत तारीफ करायचा. त्र्यंबक मुद्दाम त्याच्यापुढं ठसक्यात "न्हाई", "हाय", "व्हतं" बोलायचा, आणि श्रीरंग कौतुकानं म्हणायचा, "किती गोड वाटतं हो तुमचं ऐकायला." त्या 'गोड'वर त्र्यंबक पुढचं वाक्य आणखी ठसक्यात बोलायचा.

अठ्ठ्याऐंशीत कंपनीनं ठरवलं, पुढच्या वर्षी सव्वाशे वर्षं होतात, इतिहासाचं पुस्तक काढायचं. त्र्यंबकला वाटलं, आता आपल्याला बोलावणं येणार. त्यानं नवा टाय घेतला. बोलावणं आलंही. पाचव्या मजल्यावरचा वरिष्ठ व्हीलॉक साहेब म्हणाला, पुस्तक श्रीरंग लिहील, त्याचं इंग्रजी सुरेख आहे, तू त्याला रजिस्टरं वर पोचवत जा.

त्या दिवशी त्र्यंबक जेवला नाही.

"आजारी हायसा का काय?" कांचननं विचारलं.

"त्याला अठराशे आन् एकोणीसशे यातला फरक कळत न्हाई. त्यो लिवनार इतिहास."

"मग तुमी सांगा त्याला. गाईचं सांगा. पुस्तकात नाव घालंल तुमचं."

"म्या सोळा वरसं धूळ खायाची आन् त्यानं आयतं लोणी काढायचं व्हय?"

"लोणी सोळा वरसं ठिवलं तर त्याचं काय हुतं, ठावं हाय न्हवं?" कांचन म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

रजिस्टरं एकेक वर जायला लागली. तिसऱ्या खंडाची पाळी आली तेव्हा त्र्यंबकनं तो टेबलावर ठेवला आणि मागून उघडला. अमॉस हार्लो होता तिथंच होता. चिठ्ठीचं पिवळं टोक पानाबाहेर अर्धा इंच डोकावत होतं. चिठ्ठी काढावी असं त्याच्या मनात आलं नाही; ती त्याची सातबाऱ्यावरची नोंद होती. त्यानं एवढंच केलं, बोटानं ते टोक आत ढकललं. मग खंड वर नेऊन दिला.

दोन दिवसांनी श्रीरंग स्वतः खाली आला.

"त्र्यंबकराव, तिसऱ्यात सगळं लाइफच आहे ना? शंभरेक पानांनंतर कोरंच दिसतंय."

"पुढनं लाइफच हाय," त्र्यंबक म्हणाला.

खोटं नव्हतं. श्रीरंगनं मान डोलावली, एक जांभई दिली आणि गेला.

त्र्यंबकनं बेत पक्का केला होता. पुस्तक छापून होऊ दे. सव्वाशेच्या जेवणात सगळे जमतील, श्रीरंग ड्रायव्हरची कथा वाचील, मग आपण उठायचं आणि गाय सांगायची. कुरणवाडीत कुस्तीच्या फडात शेवटाला उतरणारा पैलवान असतो, तसं. रोज अंघोळीला तो भाषण पाठ करायचा. इंग्रजीत 'लाथ' या शब्दावर कुठं थांबायचं तेही ठरवलं होतं.

जेवण झालं ऑक्टोबरात, गावातल्या मोठ्या हॉटेलात. कांचन इरकली नेसून आली. प्रत्येकाच्या ताटाशेजारी पुस्तक. अकराव्या पानावर ड्रायव्हर, चित्रासकट. त्र्यंबकनं पाणी प्यायलं, टाय नीट केला. माइकवर श्रीरंग गेला. पण वाचायच्या आधीच म्हणाला, "आधी एका माणसाला उभं करायचंय. मिस्टर शेडगे. या पुस्तकातलं प्रत्येक पान यांच्या हातून माझ्याकडं आलं. तळघरातला कागदाचा एक तुकडासुद्धा यांनी माझ्यापासून दडवला नाही. त्यांना माहीत होतं ते सगळं मला माहीत झालं. चूक असलीच तर ती आम्हा दोघांची."

टाळ्या झाल्या. व्हीलॉक साहेब उठून उभा राहिला म्हणून सगळेच उठले. त्र्यंबक उभा होता. सगळं भाषण दाताशी आलं होतं, ते त्यानं तसंच गिळलं. आता गाय सांगायची तर कधी सापडली तेही सांगावं लागणार. चिठ्ठीवर बहात्तर साल, खाली त्याचीच सही.

"बसा आता," कांचन कुजबुजली. "लोक बसलं."

पुढच्या आठवड्यात नवा हुकूम निघाला. सगळी रजिस्टरं शुक्रवारी विद्यापीठाच्या लायब्ररीत जाणार. म्हणजे तिथला कुणी शिकणारा पोर एक दिवस तिसरा खंड उलटा करणार, चिठ्ठी काढणार आणि कंपनीला फोन करणार. हा टी. शेडगे कोण हो? यानं सतरा वर्षं का सांगितलं नाही?

गुरुवारी दुपारी त्र्यंबक खंड पुढ्यात घेऊन बसला. चिठ्ठी आत ठेवली तर शोध त्याचा, आणि लबाडीही त्याची. काढली तर लबाडी मिटणार, पण शोधावरचं नावही मिटणार. काढून, तोंड मिटून खंड जाऊ द्यावा, असंही वाटलं. पण मग गाय त्या विद्यार्थ्याची होणार. कुणा अनोळख्या पोराची. तेवढं त्याला सोसणारं नव्हतं.

त्यानं चिठ्ठी काढली, घडी केली, जेवणाच्या डब्यात ठेवली. मग खंड उचलून पाचव्या मजल्यावर गेला.

"आठल्ये, हे आज घावलं. पोथी उलटी धरा."

श्रीरंगनं उलटी धरली. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. अध्यक्षाच्या गुडघ्यापर्यंत वाचत आला आणि खुर्चीत मागं रेलून इतका हसला की शेजारच्या खोलीतली माणसं गोळा झाली. त्यांना त्यानं परत पहिल्यापासून सांगितलं. झकास सांगितलं. लाथेवर बरोबर थांबला. त्र्यंबकनं जिथं थांबायचं ठरवलं होतं, तिथंच.

"त्र्यंबकराव, कमाल केलीत. छपाईच्या आधी सापडलं असतं तर," श्रीरंग म्हणाला, आणि क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला. "असो. शेवटी सापडलं."

श्रीरंगला सगळं कळलं होतं की नाही, हे त्र्यंबकला पुढं कधीच उमजलं नाही. तो विचार त्याला जन्मभर पुरला.

नोव्हेंबरात कंपनीचं मासिक आलं. पहिल्याच पानावर लेख, 'पहिली लाथ', लेखक श्रीरंग आठल्ये. सोबत फोटो. उघडा खंड हातात धरून श्रीरंग हसतोय, आणि खंड जड म्हणून दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरलाय. त्या कुणाचा फक्त हात फोटोत आला होता, मनगटापर्यंत. खाली नाव एकाचंच.

कांचननं चष्मा लावून बघितलं. "हात तुमचा हाय. घड्याळ वळखलं म्या."

"व्हय."

"आन् नाव?"

"हाताला नाव नसतंय." मग म्हणाला, "आमच्या तक्त्यात एक हात म्हंजी निम्मं."

"मग निम्मं तर निम्मं आलं पदरात. चला जेवाय."

त्र्यंबक उठला, पण जेवायला नाही. ड्रॉवरमधून कात्री काढली आणि टेबलाशी बसून फोटोतला श्रीरंग कापायला लागला. टाय गेला, हसू गेलं. पण खंडाचा मोठा भाग श्रीरंगच्याच हातात होता. त्याला कापताना खंडही त्याच्याबरोबर गेला. शेवटी कागदाचा चिमूटभर तुकडा उरला. त्यावर मनगट, घड्याळ आणि काहीच न धरलेली पाच बोटं.

"भाकरी निवतीया," आतून कांचन म्हणाली.