दूध आटवणारा मोगरा

माझं पहिलं मूल वैशाखातल्या एका दुपारी जन्मलं आणि रडलं नाही. साठच्या दशकाची सुरुवात असेल. कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की भातखाचरांच्या कडेला एक गाव लागतं. त्या गावात मी सून म्हणून आले त्याला फार दिवस झाले नव्हते.

कळा सकाळपासून यायच्या आणि थांबायच्या. शेवटी सासूने गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेला कळलावीचा कंद काढून आणला. पावसाळ्यात बांधावर लालपिवळी, ज्वाळेसारखी फुलं येतात, त्याच वेलाचा हा कंद. भाद्रपदात गौरीपुढे ती फुलं लागतातच. आमच्याकडे त्यांना गौरीचे हात म्हणतात. फूल देवापुढे चालतं, पण कंद घरात ठेवला तर भांडणं लागतात असं सगळे मानायचे, म्हणून तो गोठ्यात. सासूने तो उगाळून माझ्या तळपायांना लावला आणि एक तुकडा दोऱ्याने कमरेला बांधला. सुईणीला तिने बजावलं, "मूल सुटलं की पयला हा दोरा तोड. एक घटका पण ठेवू नको. हा मागचं समदं वढून काढतो."

मूल सुटलं. विळ्याने दोरा तोडल्याचं मला कळलं. नंतर पाठीवर थोपटल्याचे आवाज आले, पुन्हा आले, आणि थांबले. मी वर कौलांकडे बघत होते. एक कौल सरकलं होतं आणि तिथून उन्हाची तिरीप आत येत होती. माझ्या नवऱ्याने आणि दिराने मूल फडक्यात गुंडाळून नेलं. मुलगा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही दोघी बायका आपसात बोलताना.

मला मागच्या पडवीत निजवलं होतं. सुवेर असल्यामुळे कोणी शिवत नव्हतं. ताट उंबऱ्याशी ठेवायचे. मी जेवत होते, झोपत होते. माझी आई कर्जतहून येऊन गेली, ती रडली, मी तिच्या पदराची किनार बघत बसले. मग दोन-तीन दिवसांनी माझं अंग तापलं, छाती दगडासारखी झाली आणि चोळी भिजली.

सासूने लांबूनच विचारलं, "आलं?"

"हो."

"येनारच. त्याला काय ठावं."

ती तशीच उठली आणि शंकराच्या देवळाकडे गेली. देवळाच्या आवारात मोगऱ्याचं जुनं झाड होतं. त्याची फुलं फक्त पिंडीवर जायची. गावातली बाई ती केसात माळत नसे. देवाचं फूल माणसाने हुंगायचंसुद्धा नाही, हुंगलेलं फूल उष्टं होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. सासूने गुरवाकडे ओंजळभर कळ्या मागितल्या. कशाला, ते त्याला कळलंच असणार. त्याने त्या तिच्या हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवल्या आणि पाठ वळवली. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

कळ्या तिने माझ्या उराशी पसरल्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळली. मला शिवली म्हणून नंतर डोक्यावरून आंघोळ केली. "मोगरा थंड," ती म्हणाली. "तो दूध वढून घेतो. देवाला सांगून आनलाय, गुन येईल." मोगऱ्याचा वास प्रत्येक श्वासाबरोबर वर यायचा. तो न घेण्याचा काही उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी कळ्या तपकिरी झाल्या. कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून सासूने त्या केळीच्या बुंध्याशी पुरल्या आणि नव्या बांधल्या. छाती उतरू लागली. दुखायचंही कमी झालं.

अशातच एका सकाळी मागच्या अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गावाच्या उताराला बौद्धवाडा होता, तिथली. त्या लोकांनी धम्म घेतल्याला काही वर्षं झाली होती. घरातले जुने देव त्यांनी काढले होते, पण गावाने त्यांचा पाणवठा वेगळाच ठेवला होता. म्हातारीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं मूल होतं. ती पन्हाळीच्या पलीकडे, उन्हात थांबली.

"बाय, सुनंचं समजलं. लय वायट झालं."

"हूं," सासू म्हणाली.

"माज्या लेकीला बाळंतपनापासनं ताप हाय. दवाखान्यात घातलीय. ही पोर शेळीचं दूध टाकून देती. पोटात काय ऱ्हात नाय."

सासूला पुढचं कळलं. ती म्हणाली, "तिचं दूध मोडाया घातलंय मी. मोगरा बांधलाय."

"कवापासनं?"

"परवापासनं. आनि सुवेर हाय तिला. शिवायचं नाय."

"आमी आता ते पाळीत नाय, बाय," म्हातारी म्हणाली. "तुमाला चालंल का, तेवडं सांगा."

 म्हातारी हलली नाही. मूल रडत नव्हतं, बारीक कुंथल्यासारखा आवाज येत होता. मी काही ठरवलं होतं असं नाही. माझा हात पाठीमागे गाठीकडे गेला. गाठ ओली होऊन आवळली होती, सुटेना. सासूने ते पाहिलं. ती आत आली, माझ्या मागे बसली आणि तिने दातांनी गाठ सोडली. कळ्या मांडीवर पडल्या.

"आन तिला हितं," ती बाहेर बघून म्हणाली. "पडवीत ये. उनात कशाला उबी हायस?"

मुलीचं तोंड कोरडं होतं. तिने धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. दूध थोडंच होतं. ते संपल्यावर ती मोठ्याने रडली. म्हातारी म्हणाली, "रडाया ताकद आली," आणि पदराने नाक पुसलं. मला त्या वेळी फक्त ओढल्यासारखं दुखत होतं.

सासू कुदळ घेऊन डोंगराच्या पायथ्याला गेली. ती शतावरीची मुळं आणायला गेली होती. औषधाची मुळी अशी उठून खणायची नसते. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू लावून, अक्षता ठेवून आमंत्रण द्यायचं, आणि पहाटे कोणाशी न बोलता, आपली सावली पडू न देता ती काढायची. सासू हे सगळं काटेकोर करणारी. त्या दिवशी ती टळटळीत उन्हात मुळं घेऊन परत आली. घामाने डबडबली होती.

"आमंत्रन नाय दिलं," ती म्हणाली. "झाडाला सांगितलं, पोर थांबनारी नाय, राग धरू नको."

मुळं सोलून, ठेचून तिने दुधात उकळली. कडवट गोड लागायचं. मी पीत होते. दूध हळूहळू पुन्हा आलं.

म्हातारी आणि मूल पडवीतच राहिली. विहिरीवर काही बायका सासूला बघून आपल्या कळशा बाजूला घेऊ लागल्या. सासू पाणी भरायची आणि घरी यायची. नवरा एकदा दाराशी येऊन उभा राहिला.

"पितंय का?"

"पितंय."

तो शेतावर गेला. आमच्यात त्याबद्दल पुढे कधी बोलणं झालं नाही.

मूल अंगाने भरलं तसं सासूला नजरेची काळजी लागली. मीठमोहऱ्या मुठीत घेऊन ती ओवाळायला आली, तर म्हातारी म्हणाली, "नको बाय. आमी नाय मानीत आता."

"मी मानते ना. तू तिकडं बघ."

म्हातारी खरंच तोंड फिरवून केळीकडे बघत बसली. सासूने नजर काढली, मोहऱ्या चुलीत टाकल्या. त्या तडतडल्यावर म्हणाली, "झालं. आता बघ हिकडं."

पेरण्या आटपत आल्या तेव्हा मुलीची आई दवाखान्यातून परत आली. हाडं दिसत होती, पण चालत आली. मी मूल तिच्या हातात दिलं. तिने विचारलं, "तरास दिला का हिनं?" मी नाही म्हटलं. ती आणि म्हातारी मुलीला घेऊन उतारावरून खाली गेल्या. मी पडवी सारवली.

छाती पुन्हा दगड झाली. सासू देवळात गेली, पण पावसाने मोगऱ्याचा बहर झडून गेला होता. या खेपेला तिने नुसती ओली पट्टी बांधली आणि दूध आपोआप आटलं. लोक विचारतात, तेव्हा रडलीस का. मुलाच्या वेळी नाही आणि मुलीच्या वेळीही नाही. कळलावीमुळे काही झालं का, मोगऱ्याने खरंच दूध आटतं का, हेही मला विचारतात. मला माहीत नाही. माझ्या अंगावर जे बांधलं गेलं ते मी सांगू शकते.

पुढे मला दोन मुलं झाली, दोन्ही कर्जतच्या दवाखान्यात. सासू सत्तरच्या दशकात गेली. शेवटी मीच तिच्या जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. द्वादशी होती, त्या दिवशी तुळस तोडत नाहीत; पण आदल्या दिवशी तिनेच मला पानं काढून वाटीत ठेवायला सांगितली होती.

त्या मुलीची खबर अधूनमधून कानावर यायची. शिकली, शेलूला दिली, नोकरीला लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कर्जतच्या बाजारात एका बाईने मला थांबवलं. बरोबर लहान मुलगा होता.

"ओळखलंत का? आई सांगते तुमचं," ती म्हणाली.

"ओळखलं," मी म्हटलं. "आई कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे धरतात."

"निरगुडीचा पाला शेकायला सांग."

"सांगते."

 तिच्या मुलाने केळं मागितलं, तिने ते सोलून दिलं. मग तिची एसटी आली. ती चढली, मुलाला खिडकीशी बसवलं आणि हात हलवला. मीही हलवला. माझी भाजी घ्यायची राहिली होती. ती घेतली आणि घरी आले.