सातव्या दगडावरचा बाण

राजुऱ्याच्या रामाजी पाथरवटानं पंचवीस वर्षं जाती घडवली. काळ्या दगडातला माणूस म्हणून आसपास त्याचंच नाव निघायचं. टाकी कशी धरायची हे शेजारच्या तरुण इतवारीला त्यानंच शिकवलं होतं. पण तिशीला येईतो इतवारीचा हात असा बसला, की बायका रामाजीच्या दारावरून पुढं जाऊन त्याच्याकडून जात्याला टाकी लावून घेऊ लागल्या. इतवारीच्या जात्याचं पीठ बारीक येतं, असं धुरपता, म्हणजे रामाजीचीच बायको, एकदा सहज बोलून गेली. दोन दिवस रामाजी तिच्याशी बोलला नाही.

१९५७ च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून देवस्थळी नावाचे साहेब आले. त्यांना गावामागच्या टेकडीतले दगड हवे होते, आणि तेही एका खास रीतीनं काढलेले. दगड टेकडीत बसलेला असतानाच त्याच्यावर होकायंत्र धरून पांढऱ्या रंगानं उत्तरेकडे बाण काढायचा, आणि मग बाणाला धक्का न लावता तेवढा तुकडा सोडवायचा. हा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी तापलेला रस होता, साहेब सांगायचे. निवताना त्यानं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा पोटात धरून ठेवली. तुकडे मुंबईला नेऊन, थरामागून थर तपासून, पृथ्वीचं चुंबक कसकसं वळत गेलं याचा आराखडा ते मांडत होते.

गावानं साहेबांना आधी रामाजीकडेच धाडलं. रामाजी पटका बांधून टेकडीवर गेला आणि सवयीनं पहार घालून एकच घाव दिला. बाणासकट दगडाच्या चार ठिकऱ्या झाल्या. मग इतवारी पुढं झाला. अर्धा तास तो भोवतीनं बारीक टाकी मारत राहिला आणि शेवटी तुकडा हातात असा घेतला, जसं घरट्यातून अंडं काढावं. साहेबांनी तिथंच ठरवलं, दगड इतवारी काढील. रामाजीनं पोती वाहायची.

नाही म्हणून घरी जाता आलं असतं. पण डोळ्याआड इतवारीचं काय काय होतंय हे ठाऊक नसणं त्याला त्याहून जड गेलं असतं. तो राहिला, आणि रोज जळत राहिला. साहेबांनी इतवारीला होकायंत्र वाचायला शिकवलं. हळूहळू बाणही इतवारीच काढू लागला. एकदा सुई थरथरली, तेव्हा साहेबांनी मान वर न करता रामाजीला सांगितलं, की पहार घेऊन वीस पावलं लांब जा, लोखंडानं सुई बिघडते. रामाजी वीस पावलांवर जाऊन उभा राहिला. तिथून त्याला दोघांची एकमेकांजवळ वाकलेली डोकी तेवढी दिसत होती. शिकवणाऱ्याला लांब उभं करतात आणि शिकलेल्याच्या हातात यंत्र देतात, हे त्यानं मनात धरून ठेवलं.

सातव्या दगडाच्या दिवशी दुपारी दोघं खाली नाल्यावर भाकर खायला गेले. रामाजी पोत्यांजवळ एकटाच होता. दगड समोर पडलेला, रंग अजून ओलसर. त्यानं कंदिलातलं घासलेट फडक्यावर घेऊन बाण पुसला आणि साहेबांच्याच कुंचल्यानं उलट्या तोंडाचा काढला. इतवारीची फजिती व्हावी, एवढाच त्याचा विचार होता. बारा दगड मुंबईला गेले.

साहेब पुढच्या हिवाळ्यात परत आले ते उतरल्या चेहऱ्यानं. अकरा दगड सांगत होते, की त्या काळी पृथ्वीचं चुंबक आजच्या उलट होतं, उत्तर दाखवणारी सुई तेव्हा दक्षिणेकडे वळली असती. एकटा सातवा त्यांच्याविरुद्ध जात होता. त्या एका दगडापायी आराखड्यात पृथ्वीचं चुंबक मध्येच एकदा फिरवून पुन्हा मागं आणावं लागत होतं. साहेबांना ते पटत नव्हतं. त्यांनी इतवारीला सरळ विचारलं, बाण चुकला होता का?

इतवारीनं आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "माह्याकडूनच चुकलं असन, साहेब. मले आठवत नाई, पण हात माहाच होता."

साहेबांनी होकायंत्र त्याच्याकडून घेतलं, रामाजीच्या हातात दिलं आणि वाचायला शिकवलं; इतवारी घरी गेला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते असं मिळालं. दोन दिवस रामाजीनं दगड काढले, हळू टाकीनं, इतवारीसारखेच. तिसऱ्या दिवशी ते सातव्या दगडाच्या जुन्या खळीपाशी आले. शेजारचाच तुकडा पुन्हा काढायचा होता. त्याचं उत्तर मुंबईहून यायला महिने लागणार होते, आणि आलं तरी चूक इतवारीच्याच नावावर राहणार होती. रामाजीला कोणी विचारणारही नव्हतं. त्यानं टाकी खाली ठेवली.

"तो बाण म्या फिरवला, साहेब. इतवारीनं बराबर काढला होता."

साहेबांनी का म्हणून विचारलं.

"त्याच्या हाती यंत्र मले पाह्यवलं नाई."

साहेब रागावले, पण ओरडले नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला, सातव्या दगडासमोर काट मारली, आणि इतवारीला बोलावून आण म्हणून सांगितलं. ते काम रामाजीलाच करावं लागलं. इतवारी अंगणात अर्धवट जात्यापुढं रिकाम्या हातानं बसला होता. रामाजीनं सगळं सांगितलं. इतवारीनं मान खाली घालून ऐकलं.

"दोन दिस झाले, सकाळी दारात उभा राहून सूर्य पाहून राह्यलो, रामाभाऊ," तो म्हणाला. "मले वाटे, आता मले दिशाच समजत नाई."

तो उठला आणि टेकडीकडे चालू लागला. रामाजी त्याच्यामागून गेला.

महिन्याभरानं साहेब पुढच्या डोंगरांकडे निघाले ते इतवारीला घेऊन. रामाजीला त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानंही अपेक्षा धरली नव्हती. इतवारीकडे जाणारी जाती आता रामाजीकडे येऊ लागली. इतवारी कधी येणार, असं बायका विचारायच्या, आणि तो टाकी न थांबवता सांगायचा, की पोळ्याले येईन तो. मग दिवसभर त्याचं कोणाशी बोलणं नसे. धुरपता ओळखायची, आणि भाकरीचं ताट मुकाट्यानं जवळ सरकवायची.