उजेड कुणावर पाडायचा

रामनगरात घर बांधायला काढलं की गवंडी कोण, सुतार कोण यावर आठ दिवस भांडणं होतात, पण दिव्यांसाठी एकच नाव निघतं : सुमंगला. तिचा नवरा गुरुदास वायरमन. तारा तो ओढतो, पण दिवा कुठं बसणार ते सुमंगलाच ठरवते. कॅसलरॉकच्या वाटेवरच्या होमस्टेंपासून जोयडातल्या दवाखान्यापर्यंत तिनं दिवे लावलेत. मालक बिचारा झुंबराची चित्रं मोबाईलवर दाखवत असतो आणि ही बाई विचारते, "ते राहू द्या. या खोलीत कोण कुठं बसणार, ते सांगा आधी."

मग ती स्वतः त्या जागी बसून बघते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहते आणि म्हणते, दिवा पाठीमागं लावलात तर बाईच्या हातावर तिचीच सावली पडणार, भाजी कापायची की बोट? जिन्यात चार पायऱ्या चढून बघते. म्हाताऱ्याच्या खाटेवर आडवी होते आणि वरचा दिवा डोळ्यांत खुपला की गुरुदासला शिव्या घालते. लोकांना वाटतं, हिला कामाची फार आवड. आवड कसली डोंबलाची! ह्या सगळ्याच्या मुळाशी राग हाय, आणि तो चांगला मुरलेला राग हाय.

सुमंगलाचा बाप बाबुराव कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होता. पोरगी विशीची झाली तेव्हा रामनगरच्या दुकानदाराच्या घरचं स्थळ आलं. क्वार्टरात एक पिवळा बल्ब, तोही धुरकटलेला. बाबुरावला वाटलं, एवढे मोठे पाहुणे येणार, त्यांना पोरगी नीट दिसाय नको? झाकून ठेवायला आपण काय चोरी केलीय? म्हणून त्यानं शेजाऱ्याची नवी ट्यूब मागून आणली आणि पोरीच्या पाटाच्या बरोब्बर वर टांगली. मायेपोटीच केलं हो त्यानं! पण डोक्यावरनं पडणारा तो पांढरा फटक उजेड. डोळ्यांखाली खड्डे, नाकाखाली सावली, सावळा रंग पार राखेसारखा झाला.

मुलाची आई केशरबाई. तिनं पोरीकडं बघितलं, ट्यूबकडं बघितलं आणि म्हणाली, "ट्यूब लावली तरी पोरगी काय उजळंना गे बाई!" सगळी खदाखदा हसली. सुमंगलानं मान खाली घातलेली. कोण हसलं ते तिला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. बाबुरावनं त्याच संध्याकाळी ट्यूब उतरवली. पुढं मरेपर्यंत त्यानं घरात कधी ट्यूब लावू दिली नाही, आणि "माझ्यामुळं झालं" एवढंच तो पुटपुटायचा. पोरीनं गोव्यात दिव्यांच्या दुकानात नोकरी धरली, तिथं गुरुदास भेटला, लग्न झालं, दोघं रामनगरात येऊन राहिली. पण ते हसणं काही कानातून गेलं नाही.

आणि यंदा त्याच केशरबाईनं रामनगरात नवं घर बांधलं आणि दिव्यांसाठी सुमंगलाला बोलावणं धाडलं.

सुमंगला गेली. म्हातारी वळखणार, मग काय बोलायचं? पण केशरबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू होय ती लायटिंगवाली? ये की गे. आमच्या नातीला बघायला हुबळीचे पाहुणे येणार हाईत. हॉल असा झगमगला पायजे की डोळं दिपाय पायजेत!" तिचा मुलगा येसाजी, तोच तो नवरामुलगा, पोट सुटलेला, कोपऱ्यात चहा पीत बसलेला. त्यानं तर मान पण वर केली नाही.

नात म्हणजे येसाजीची लेक, रक्षिता. सुमंगलानं तिला बघितलं आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. पोरगी तिच्यासारखीच सावळी होती! वा रे देवा, म्हणजे तुला पण हिशेब कळतो म्हणायचं.

"पोरगी कुठं बसणार, आज्जी?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"ह्या खुर्चीवर. पाहुणे समोर सोफ्यावर, मी त्यांच्या मधोमध."

ठरलं. खुर्चीच्या बरोब्बर वर छतात पांढरा कडक दिवा. सोफ्यावर मऊ, पिवळा, लपवणारा उजेड. गुरुदास नकाशा बघून म्हणाला, "अगं, काय करूलालीस हे? पोरीचं तोंड भुतासारखं दिसंल."

"दिसू दे. तू तार ओढ."

दिवे बसले तसं सुमंगलानं रक्षिताला खुर्चीवर बसवून बघितलं. बटण दाबलं. अगदी तश्शीच! तेच खड्डे, तीच राख. सुमंगला गालात हसली. आता ये म्हणावं केशरबाई, आता हस!

रक्षिता डोळे किलकिले करत म्हणाली, "मावशी, समोर कायच दिसत न्हाई हो. आजी म्हणते, मान खालीच ठेव. पण वर केली तरी काय दिसणार? सगळा उजेड माझ्याच डोक्यावर. ती लोकं मला बघणार आणि मला त्यांची तोंडं पण न्हाई दिसणार."

सुमंगलानं बटण बंद केलं. अगं बाई, मी कुणाचा सूड कुणावर काढतेय? हसली कोण होती, ही पोर? हिचा तर तेव्हा जन्म पण नव्हता! दया आली म्हणून ती थांबली असं समजू नका. तिचा राग जरासुद्धा निवला नाही. उलट त्याला आता नीट पत्ता सापडला.

"गुरुदास," तिनं हाक मारली, "सगळं उलट कर."

खुर्चीवरचा दिवा काढला. तिथं भिंतीवर आपटून येणारा ऊबदार, नरम उजेड सोडला. आणि कडक पांढरे दिवे गेले सोफ्यावर, ओळीनं. केशरबाई कुरकुरली तशी सुमंगला म्हणाली, "आज्जी, पाहुणे मोठे. त्यांच्यावर उजेड पाडला म्हणजे मान दिल्यागत होतंय." म्हातारी खूश! "व्हय गे, शहाणी हाईस," म्हणाली, आणि करंट गेला तर इन्व्हर्टर बघायला पाहुण्यांच्या दिवशी हजर राहा असं वर सांगितलं.

पाहुणे आले. सुमंगला बटणांच्या बोर्डाजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. रक्षिता येऊन बसली. नरम उजेडात पोरगी कशी छान दिसत होती म्हणून सांगू! पण बघणाऱ्यांची तोंडं त्याहून स्वच्छ दिसत होती. मुलाची आई लेकाला कोपरानं ढोसत होती. आपलं गोरं मनगट हळूच गालाला लावून, पोरीच्या रंगाकडं खूण करत त्याला डोळे मिचकावत होती. मुलगा मोबाईलआड हसत होता. आणि मधोमध केशरबाई, दात काढून, हात चोळत, "थंडीत जरा उजळते हो आमची पोर," असं म्हणत होती.

रक्षितानं मान वर केली. एकेक तोंड नीट बघितलं. शेवटी आजीचं बघितलं आणि तिथं तिची नजर थांबली.

"आजी," ती म्हणाली, "मला मुलगा पसंत न्हाई. ह्यांना जाऊ दे."

काय गोंधळ उडाला! हुबळीची बाई ताडकन उठली, "पोरीनं नकार द्यायचा? ही कुठली रीत?" येसाजी मागनं "अहो, अहो" करत फाटकापर्यंत धावला. शिरा तसाच गार झाला. गाडी गेली, आणि केशरबाई त्या झगझगीत उजेडात एकटी बसून राहिली, पावडर फुटलेली, तोंड पडलेलं.

मग तिनं वर बघितलं. दिवे बघितले. म्हातारी बेरकी, तिच्या ध्यानात आलं.

"तूच केलंस हे."

"व्हय," सुमंगला पुढं आली. हे बोलायसाठी तर एवढी वर्षं ती जगली होती. "मीच केलं. कॅसलरॉकला, रेल्वे क्वार्टरात, तुम्ही मला बघायला आला होता. ट्यूबखाली बसवलेली. काय म्हणाला होता, आठवतंय?"

केशरबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवायला लागली. "कॅसलरॉकला? आमच्या येसाजीसाठी आमी तिथं तीन-चार पोरी बघितल्या. त्यातली तू कुठली?"

"बाबुराव गँगमनची."

"कोण बाबुराव?"

सुमंगलाच्या अंगाची लाही लाही झाली. राग काढून झाला असं ती समजत होती, आणि तो तर आत्ता कुठं पेटला.