पुंडलिकबाबूंचा अर्ज

अर्ज लिहावा तर पुंडलिक गजभियेंनी, असं जबलपूरच्या त्या सरकारी कचेरीत कोणीही सांगेल. आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत मजुरीला आले, नातू कारकून झाला आणि त्याचं मोत्यासारखं अक्षर तिन्ही मजल्यांवर गाजलं. कोणाची बदली दूर डिंडोरीला झाली, कोणाची रजा अडली, की माणूस चहाचा कप घेऊन पुंडलिकबाबूंच्या टेबलाशी हजर.

बाबूंचं एक तंत्र होतं. साहेब लोक कोणाचंही दुःख निम्मं करूनच वाचतात, तेव्हा लिहिणाऱ्यानं ते आधीच दुप्पट करून पाठवावं. शिपाई बळीरामच्या आईचे गुडघे दुखायचे. बाबूंनी लिहिलं, 'माताजी चलने-फिरने में पूर्णतः असमर्थ हैं.' बळीरामची बदली रद्द झाली आणि दुसऱ्याच दिवशी माताजी स्वतः तीन जिने चढून पेढे द्यायला आल्या. बाबूंनी पेढा खाल्ला. त्यात काही वावगं आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोणालाच वाटलं नाही.

मग स्वतःच्या पोरीसाठी अर्ज लिहायची पाळी आली. अंजनी पाचवीत होती. धडा एकदा ऐकवला की तिला पाठ, पण पुस्तक समोर आलं की ओल्या घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तशी ती एकेका अक्षरावर बोट टेकत पुढं सरके. परीक्षेत तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचेतो घंटा व्हायची. नेपियर टाउनमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून कागदावर लिहून दिलं होतं: बुद्धी उत्तम, वाचन संथ, परीक्षेत अर्धा तास जास्त द्यावा, प्रश्न वाचून दाखवावेत. त्या वर्षापासून पाचवीत नापास करणं पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळं त्या अर्ध्या तासावर बाबूंचा जीव टांगलेला होता. शाळेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "लिखकर दीजिए, देखते हैं."

लिहून देणं म्हणजे तर बाबूंच्या डाव्या हातचा मळ. रविवारी सकाळी त्यांनी दोन पानी अर्ज उतरवला. बायकोनं, लतानं, तो वाचला आणि मधेच थांबली.

"'बालिका पढ़ने-लिखने में पूर्णतः असमर्थ है.' हे काहून लिहिलं जी? पोरगी वाचते ना. हळू वाचते एवढंच."

"तुले नाही समजत. हळू वाचते लिहिलं तर म्हणतील, घर पे प्रैक्टिस कराइए. मी वीस वर्षांपासून हेच करून राहिलो."

लतानं अर्ज घडी करून परत दिला. ती तेव्हा भांडली असती तर बरं झालं असतं, पण बाबूंच्या अर्जाशी भांडायची घरात रीतच नव्हती.

आठ दिवसांत शाळेचं उत्तर आलं. आपण स्वतः लेखी मान्य केल्याप्रमाणे बालिका पूर्णतः असमर्थ आहे, तरी पुढील सत्रापासून तिला स्पेशल स्कूलमध्ये दाखल करावं. खाली बाबूंच्या अर्जाची तारीख. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचं दुःख निम्मं न करता जसंच्या तसं वाचलं होतं, आणि तो कागद घेऊन बाबू तडक शाळेत गेले.

त्यांनी मॅडमच्या नाकदुऱ्या काढल्या. मॅडमनी अर्ज फाइलला लागल्याचं सांगितलं. मग त्यांनी वर तक्रार केली, आणि फेब्रुवारीत शिक्षण खात्याच्या एका साहेबांपुढं समेटाची बैठक लागली. मुलीलाही आणा, असं नोटिशीत होतं. अंजनी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घालून, आईबापाच्या मधल्या खुर्चीत बसली; समोर मोठ्या मॅडम होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा कागद आणि बाबूंचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि 'बुद्धी उत्तम' एवढ्यावरच बोट टेकवलं. "गजभिये जी, डॉक्टर सही हैं तो बच्ची होशियार है, स्कूल को कुछ करना ही नहीं. आप सही हैं तो स्पेशल स्कूल. दोनों तो सही नहीं हो सकते."

"साहब, डॉक्टर ही सही हैं. आवेदन में थोड़ा बढ़ाकर लिखना पड़ता है."

"मतलब आपने झूठ लिखकर दिया?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

हो म्हणावं तर सरकारी नोकरानं खोटं निवेदन दिलं असा शेरा बसणार. नाही म्हणावं तर पोरगी शाळेतून गेली. चारी बाजूंनी बाबूंचंच वळणदार अक्षर उभं होतं.

साहेबांनीच वाट काढली. जुना अर्ज परत घ्या, नवा लिहा, मुलगी आहे त्या वर्गात राहील, मॅडमही कबूल, फक्त पुन्हा सवलतीची मागणी नको. साहेबांनी मजकूर सांगितला: 'मेरी पुत्री को किसी विशेष सहायता की आवश्यकता नहीं है, न भविष्य में इसकी माँग करूँगा.'

"आणि तो अर्धा तास?" लतानं नवऱ्याला हळूच विचारलं. बाबूंनी पेनाचं टोपण काढलं. मग लताच म्हणाली, "लिहा. पोरगी मैत्रिणींत तं राहीन."

बाबूंनी लिहिलं. अक्षर जराही बिघडलं नाही, आणि त्याचा त्यांना स्वतःलाच राग आला.

सहीसाठी पेन उचललं तेव्हा अंजनी त्यांच्या कोपराशी येऊन उभी होती. तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. 'मे-री.' मग 'पु... पुत-री.' कोणी तिला थांबवलं नाही. साहेबांनी तोवर दुसऱ्या दोन फायलींवर सह्या केल्या. 'आवश्यकता'पाशी ती अडली, मागं गेली, पुन्हा आली. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. कपाळाला घाम येईतो तिनं ओळ शेवटपर्यंत नेली.

"देखिए, पढ़ तो लेती है," साहेब खुश होऊन म्हणाले.

अंजनी त्यांच्याकडं न बघता बापाला म्हणाली, "पप्पा, पण मला तर मदत लागते ना."

बाबूंनी तिचं बोट कागदावरून हळूच बाजूला केलं, सही केली आणि सवयीनं खाली तारीख टाकली.