हापूसची गाडी आणि मावशींचं ‘आम्यां वें’

आमच्या टोरांटोतल्या स्कारबरोच्या ग्रुपमध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते बेसमेंटमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे आपोआप साठतात. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जेवणं उरकली, की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. त्यातले निम्मे अण्णांचे असतात आणि उरलेले, “असं काही घडलंच नव्हतं,” असं अण्णा ज्यांच्याबद्दल म्हणतात ते.

पोर्तुगालचे मात्र मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे तिथे अण्णांचं काही चालत नाही.

थंडीत भारतात जाताना आम्ही चौघं एकाच विमानात होतो. मी, अण्णा, सुमतीमावशी आणि दीपक. अण्णा सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून कॅनडात आले, आता रिटायर झालेत आणि आमच्या मंडळातल्या शुद्ध मराठीवर पहारा देतात. मावशी त्यांच्या पत्नी. दीपक रिचमंड हिलचा, सॉफ्टवेअरवाला, आणि काहीतरी बुक केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. लिस्बनला मुक्काम आहे म्हटल्यावर त्याने लगेच जवळच्या सिंट्रा गावाची प्रायव्हेट डे टूर बुक केली. सकाळी राजवाडे, दुपारी समुद्र, स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाइड.

“अण्णा, पॅलेसेस आहेत, कोस्ट आहे, यू विल लव्ह इट,” तो म्हणाला.

अण्णा म्हणाले, “मला नको. हिला विचार. पोर्तुगीज हिची मातृभाषा आहे.”

*

आता हा टोमणा समजायला कोर्लई माहीत हवं.

मावशी सहा-सात वर्षांच्या असताना त्यांच्या मास्तर वडिलांची बदली कोर्लईला झाली होती. अलिबागच्या पुढे, समुद्राकाठचं गाव. तिथले ख्रिस्ती लोक घरात एक वेगळीच भाषा बोलतात, जुन्या पोर्तुगीजमधून आलेली. शेजारच्या फिलोमेनाशी, म्हणजे फिलूशी, मावशींची गट्टी जमली आणि खेळता खेळता त्यांनी मूठभर शब्द उचलले. वडिलांची पुन्हा बदली झाली. फिलू परत कधी भेटली नाही, शब्द तेवढे राहिले.

कॅनडात आपण सगळे कुणाच्या दारातून निघताना “येतो हं” म्हणतो. मावशी म्हणतात, “आम्यां वें.” फिलू संध्याकाळी खेळ संपल्यावर हे म्हणायची, म्हणून. नवीन आलेल्या लोकांना वाटतं, मावशी कोकणातल्या कुठल्याशा हेलात “आम्ही येतो” म्हणताहेत. तेही “या या” म्हणतात आणि काम भागतं.

अण्णांना हे सगळं मुळीच पटत नाही. एकदा मावशींनी सांगितलं, की फिलूची माणसं आपल्या भाषेला ‘नो लिंग’ म्हणायची, म्हणजे ‘आपली भाषा’. अण्णांनी चमचा खाली ठेवला.

“पुल्लिंग ऐकलंय, स्त्रीलिंग ऐकलंय. नो लिंग म्हणजे नपुंसकलिंगच ना?”

दुसऱ्या एका शुक्रवारी मावशी म्हणाल्या, की त्या भाषेत पाण्याला ‘आग’ म्हणतात. त्यावर तर अण्णांनी निकालच देऊन टाकला. “कोर्लईची भाषा असेल गं खरी. तुला येते ती नव्हे. ती तुम्ही दोन पोरींनी अंगणात बसून बनवलेली.”

सगळे हसले. मीही हसले. पण नंतर किचनमध्ये डबे भरताना मावशी मला म्हणाल्या, “वैशाली, मला एकदाच बघायचंय. मी फिलूशी बोलायचे ते खरं होतं, की मीच आपलं मनानं रचलंय? आता विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही गं.”

म्हणून त्या टूरला आल्या. राजवाड्यांचं त्यांना तितकंसं नव्हतं.

*

आदल्या दिवशी दीपकच्या फोनवर मेसेज आला. ड्रायव्हर-गाइडचं नाव होतं अफोन्सो.

अण्णा खूश झाले. हापूस हा शब्द याच नावावरून आलाय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि सांगायला कुणीतरी हवंच होतं.

“म्हणजे उद्या आपल्याला न्यायला आंबा येणार,” मावशी म्हणाल्या.

आणि सकाळी हॉटेलसमोर जो पन्नाशीचा गृहस्थ उभा होता, त्याने पिवळाधमक स्वेटर घातला होता. आम्ही चौघंही एकमेकांकडे बघायचं टाळत गाडीत बसलो. दीपकला राहवलं नाही. त्याने इंग्लिशमध्ये सगळं समजावून सांगितलं, की आमच्याकडे तुझ्या नावाचा आंबा असतो.

“चांगला असतो का?” अफोन्सोने काळजीने विचारलं.

“द बेस्ट,” अण्णा म्हणाले. मराठीच्या पहारेकऱ्याने आंब्यापुरती सूट घेतली होती.

अफोन्सोने तिथल्या तिथे बायकोला फोन लावून ही बातमी दिली. त्यानंतर आम्ही त्याला उघडपणे हापूसच म्हणायला लागलो, आणि तो ओ द्यायला लागला.

*

सिंट्राला गाडी लावून आम्ही उतरलो, तर हापूस आपले खिसे चाचपत “शाव्ह, शाव्ह” पुटपुटायला लागला.

“काय हरवलं?” दीपकने विचारलं.

स्वेटरखालच्या शर्टाच्या खिशातून त्याने गाडीची चावी काढून दाखवली. “शाव्ह.”

आता, आमच्या मंडळात कुणी “कारची की” म्हणालं, की अण्णा त्याला भर कार्यक्रमात थांबवतात. “की काय? चावी म्हणावं. आपला शब्द आहे.” हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय.

“शाव्ह,” दीपक हळूच म्हणाला. “चावी.”

मग त्याला कोण आवरणार! त्याने फोन काढून साबण विचारला, बटाटा विचारला, परात विचारली, पगार विचारला. प्रत्येक शब्दाला हापूस टाळी वाजवायचा आणि आपल्या भाषेतला शब्द सांगायचा. दोन्हींत फरक असला तर एखाद्या वेलांटीचा. आजूबाजूचे टुरिस्ट राजवाडा सोडून आमच्याकडे बघत होते.

अण्णा राजवाड्याच्या फाटकापर्यंत पुढे चालत गेले. तिथे थांबून म्हणाले, “किल्ली म्हणत जा.”

*

डोंगरावरच्या त्या राजवाड्याची एक बाजू पिवळी आणि एक लाल आहे. दोन भावांत वाटणी होऊन प्रत्येकाने आपला रंग लावावा तसं दिसतं. मला तो फार आवडला. चढ मात्र चांगलाच होता आणि वर पोहोचेपर्यंत अण्णांना धाप लागली.

हापूसने पिशवीतून बाटली काढून त्यांच्यासमोर धरली. “आग्वा?”

“कुठे?” म्हणत अण्णा गर्रकन मागे वळले. आमच्याकडे कॉन्डोचा फायर अलार्म वाजला, की माणसं आधी दार शोधतात, तशी त्यांची नजर भिंतीवरून फिरत होती.

मावशींनी बाटली घेतली, शांतपणे दोन घोट घेतले आणि झाकण लावलं.

“आग प्यायले,” त्या म्हणाल्या.

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला फोटो काढायचंही सुचलं नाही. अण्णांनी श्वास सावरला आणि बाटली हातात घेत म्हणाले, “एका शब्दानं भाषा होत नाही.”

*

गावातल्या जुन्या राजवाड्याच्या छपरातून दोन पांढरीशुभ्र धुराडी वर गेलीत. इतकी मोठी, की लांबून तीच आधी दिसतात. त्यांच्या खाली राजाचं स्वयंपाकघर. आत उभं राहून वर बघितलं, की धुराडं निमुळतं होत जातं आणि टोकाला इवलासा उजेड दिसतो.

हापूस शिकारीची, मेजवान्यांची माहिती देत होता. आमचं लक्ष नव्हतं. आम्ही चौघं मान वर करून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. दीपकच्या घरी फोडणी द्यायची तर बायको टॉवेल घेऊन स्मोक डिटेक्टरखाली उभी राहते. मोहरी तडतडली, की ती टॉवेल हलवायला लागते. लाल मिरचीच्या ठेच्याला तर दोघं पाळीपाळीने हलवतात.

“इथे,” मावशी वर बघत म्हणाल्या, “सुक्या बोंबिलाची फोडणी दिली तरी अलार्म वाजायचा नाही.”

दीपकने भक्तिभावाने हात जोडले. हापूसला वाटलं, राजाला जोडले.

*

दुपारी समुद्राला लागलो. युरोपची जमीन जिथे पश्चिमेला संपते, त्या टोकाला आम्ही उभे होतो. वारा असा, की बोललेलं शेजारच्याला कळत नव्हतं. खाली कडा, मग लाटा, मग नुसतं पाणी.

“समोर डायरेक्ट टोरांटो!” दीपक ओरडला.

“अक्षांश बघ,” अण्णा ओरडले. “समोर अमेरिका येते. तुझं घर उजवीकडे, वर. दारातला बर्फ उपसलाय का दिसतंय?”

मावशी त्यांच्यात नव्हत्या. त्या हापूसकडे चालत गेल्या होत्या, पदर घट्ट धरून. मीही मागोमाग गेले. सकाळपासून त्या याच क्षणाची वाट बघत होत्या, हे मला ठाऊक होतं. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, “नो. लिंग.”

हापूसने ऐकायला कानामागे हात धरला. त्या परत म्हणाल्या.

“नो लिंक?” तो म्हणाला. “येस मॅडम, सॉरी. इथे सिग्नल फार खराब आहे.” आणि त्याने तत्परतेने आपल्या फोनवरून त्यांना हॉटस्पॉट दिला.

दीपक पोट धरून हसला. किस्सा म्हणून तो आहेच हसण्यासारखा. मावशी “थँक यू” म्हणाल्या आणि परत येऊन समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. अण्णांनी काहीतरी बोलावं असं वाटलं, आणि ते बोलतील अशी भीतीही वाटली. अण्णांनी गळ्यातला मफलर काढून मावशींच्या कानांभोवती गुंडाळला.

परतीच्या रस्त्यावर समुद्र बराच वेळ खिडकीतून दिसत होता. मावशी त्याच्याकडे बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, “अहो, तुमचंच बरोबर असेल.” भांडण जिंकल्यावर अण्णांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

हॉटेलच्या दारात उतरलो. दीपकने हापूसला मिठी मारली, मी नमस्कार केला. मावशी दमल्या होत्या. आमच्या दारातून निघताना म्हणतात तसंच, सवयीने, त्याच्याकडे धड न बघताच त्या म्हणाल्या, “आम्यां वें.”

हापूस क्षणभर थांबला. त्यांच्याकडे बघितलं, मान डोलावली, “ओके, मॅडम,” म्हणाला आणि गेला.

*

दुसऱ्या दिवशी आमचं मुंबईचं विमान संध्याकाळचं होतं. सकाळी आम्ही नाश्ता करत होतो, तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी टेबलापाशी आली. तुमचा गाइड खाली गाडी घेऊन थांबलाय, म्हणाली.

“आजचं काही बुक केलंय का रे?” मी दीपकला विचारलं.

“नाही गं, शप्पथ.”

आम्ही सगळे लॉबीत गेलो. हापूस उभा होता. आज स्वेटर निळा होता.

“अफोन्सो, देअर इज सम मिस्टेक,” दीपक म्हणाला. “आपली टूर कालच संपली.”

“हो, पण मॅडमनी बोलावलं,” त्याने मावशींकडे हात केला. “काल म्हणाल्या ना, उद्या ये. किती वाजता ते सांगितलं नाही, म्हणून लवकरच आलो.”

मावशींना इंग्लिश कळतं, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ते मराठीत सांगावं.

अण्णा पुढे झाले. “ती नक्की काय म्हणाली?”

“अमन्यां, वें,” हापूस म्हणाला. “उद्या, ये. उच्चार जुना आहे. माझी आजी असंच म्हणायची, एकेरीत, घरच्या माणसाला म्हणतात तसं. म्हणून तर मी नाही म्हणू शकलो नाही.”

“कुठल्या भाषेत म्हणाली?” अण्णांनी विचारलं.

हापूसला हा प्रश्नच कळला नाही. त्याने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

“कुठल्या म्हणजे? आमच्या,” तो म्हणाला. “नॉसा लिंग्वा.”

मावशी तिथल्या सोफ्यावर बसल्या. बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या.

“फिलू रोज संध्याकाळी म्हणायची,” त्या म्हणाल्या. “आमचं सामान बैलगाडीत चढवलं, त्या दिवशीही म्हणाली. गाडीमागे पळत पळत म्हणत होती. मला वाटायचं, ती बाय म्हणतेय.”

अण्णा त्यांच्या शेजारी बसले. मग दीपककडे वळले.

“दीपक, मुंबईला उतरलो की कोर्लईला जायला गाडी मिळेल का रे? बुक करतोस?”

“करतो ना, अण्णा. आधी पुण्याला घरी दोन-चार दिवस रेस्ट घ्या, जेट लॅग उतरू दे, मग निवांत जाऊ.”

“नाही,” अण्णा म्हणाले. “बोलावणं उद्याचं आहे.”