इक्बालभाईंच्या गाडीची झाकणं

इक्बालभाई गेल्याचं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “गाडीत?” तो म्हणाला, “नाय सर, झोपेतच.” मला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. पण पोलादपूरच्या घाटातून त्यांच्याबरोबर उतरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार...

मी महाडचा शाळामास्तर, ते तुडीलचे. आखातातून कायमचे परतल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी लाल गाडी आणली. तिचे पुढचे दिवे झाकणांखाली दडलेले. बटण दाबलं की मोटर झाकण उचलायची आणि दिवे वर यायचे. गावभर कौतुक! मला मात्र एकच घोर, ऐन वेळी उघडले नाहीत तर? “मास्तर, तुमच्या पोटात कायमचा गोळा हाय,” म्हणून ते हसायचे.

एका श्रावणात महाबळेश्वरहून भरदुपारी उतरत होतो. धुकं असं दाटलं की रस्त्याचा कठडा दिसेना. उजवा बल्ब सकाळीच गेलेला, आणि आता डावं झाकण सारखं उघडमीट करू लागलं. गाडी डोळा मारतेय म्हणून हसावं, तर खालून एसटीचा हॉर्न! इक्बालभाईंनी गाडी कडेला घेतली. झाकण पुरतं वर गेलं की मोटरीतला कॉन्टॅक्ट करंट तोडतो आणि मोटर थांबते. तो दमट हवेने चिकटला होता, म्हणून मोटर फिरतच राहिली होती.

“दिव्याचा करंट वेगळा, मोटरीचा वेगळा. झाकण वर आलं की मोटरीचा फ्यूज उपसा. दिवा जळत राहील.”

“मी?”

“हँडब्रेक धरत नाय. माझा पाय ब्रेकवरून निघणार नाय.”

म्हणजे मी उतारावर, गाडीच्या पुढे उभा! बॉनेट उघडलं आणि ते मला दिसेनासे झाले. फ्यूज बोटांत सापडेपर्यंत झाकण दोनदा वर येऊन गेलं. “सोडणार नाय हो मास्तर, सोडणार नाय,” आतून आवाज येत राहिला. पुढच्या खेपेला फ्यूज उपसला. झाकण वरच थांबलं, दिवा जळत राहिला. घाटाखालचं कापडे गाव येईपर्यंत मी तो फ्यूज मुठीतच धरून बसलो.

त्यानंतर दोन्ही झाकणं कायमची उघडीच. “भाई, गाडी झोपत नाय काय?” लोक चिडवायचे. ते नुसते हसायचे. दुरुस्तीचा कंटाळा, दुसरं काय, असं मीही म्हणायचो.

परवा तुडीलला गेलो. गाडी अंगणात होती. पुतण्या अधूनमधून इंजिन चालू करून ठेवतो. इक्बालभाईंच्या पत्नी, नसीमभाभी म्हणाल्या, “झाकणं तेवढी मिटवून द्या. ताडपत्री घालायची हाय.”

“पण मोटर बिघडलीय ना?”

“ती तर त्याच पावसात नीट केली त्यांनी. फ्यूज तेवढा लावला नाय. म्हणायचे, मास्तर गाडीत बसतात, त्यांना घोर नको.”

भाभींनी आणून दिलेला फ्यूज मी बसवला. दोन्ही झाकणं एकदम, अलगद मिटली... मला तिथे उभं राहवेना.