हक्कसोडीची साडी

दादानं साडीची पिशवी माझ्या मांडीवर आपटली. दिली नाही, आपटली.

"घे. साहेब बोलावतील तेव्हा सही कर, अंगठा कर. लांबण लावू नको."

वसईतली नोंदणी कचेरी. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. उमेळ्याची वाडी त्यांनी स्वतः घेतलेली, केळी-मोगरा स्वतः लावलेला. मृत्युपत्र मात्र केलं नाही. आपण कधीतरी मरू, हे त्यांना मान्यच नव्हतं. म्हणजे वारस तीन. आई, दादा, मी. हिंदू कायद्यानं तिघांना सारखं. दादाच्या कायद्यानं दादाला सगळं. त्यासाठी आम्ही दोघींनी हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं आणि दादानं एकेक साडी द्यायची. रीतच आहे. माझी तर खात्री आहे, परशुरामानं समुद्र हटवला त्याच संध्याकाळी भावानं जमीन घेतली आणि बहिणीला साडी नेसवली.

"एव्हरशाईनला फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतेस," दादा म्हणाला. "तुला माती कशाला? कुंडीत घालायला?"

आणि असा हसला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. दाराशी बिल्डरचा माणूस उभा होता, तोही हसला. त्याच्या हातातल्या नकाशात आमच्या विहिरीवर लिफ्ट आली होती.

सातवीपासून मी त्या वाडीत पहाटे मोगरा खुडला. बोटांना वास इतका की शाळेत मधमाश्या माझ्या बाकावर हजेरी लावायच्या. दादा तेव्हा झोपलेला असायचा. दादा अजून झोपलेलाच आहे, फक्त आता डोळे उघडे ठेवून झोपतो.

बाकावर शेजारी निर्मळची मार्था, माझी शाळेतली मैत्रीण. तिच्याही मांडीवर पिशवी.

"तुमच्यात कसं गं?" मी विचारलं.

"आमच्यात आईला आधी तिसरा हिस्सा. उरलेलं पोरापोरींत सारखं."

"मग तू इथं कशाला?"

तिनं पिशवी दाखवली. "ह्याला."

पलीकडे बुरख्यातली एक बाई आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "हमारे में भाई का आधा. वो भी उसके गले में अटकता है." तिच्याही मांडीवर पिशवी होती.

धर्म तीन, कायदे तीन. पिशव्या मात्र एकाच दुकानातून आल्यासारख्या. आणि दादा धरून तिन्ही भाऊ आता दाराबाहेर एकाच टपरीवर चहा पीत होते. काय ती एकी! असली एकी मी अख्ख्या वसईत दुसरी बघितली नाही.

मी पिशवी उघडली. मोतिया रंग, हिरवा काठ, काठाजवळ हळदीचा डाग.

ही साडी मीच घेतली होती. वहिनीच्या डोहाळजेवणाला. तो डागही माझ्याच हातचा, ओटी भरताना पडलेला. वहिनीनं ती पेटीत ठेवली, चार वर्षं कुणाला द्यावी ते ठरेना, आणि आज तीच मला परत. आमच्या घराण्यात साड्या नेसत नाहीत, फिरवतात. पण बापाच्या वाडीची किंमत म्हणून माझीच साडी मला? अरे, फसवायला तरी नवी घ्यायची!

आधी आईला बोलावलं. तिनं अंगठा केला. परत येऊन हळूच म्हणाली, "बाय, भावाला दुखवू नको गो." तिच्या साडीची घडी नवी होती. तेवढा मान तिला होता.

मग मी. कारकुनानं माझा अंगठा धरून शाईत दाबला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "हक्क स्वखुशीनं सोडताय ना?"

"नाही."

साहेबांनी मान वर केली. बहुधा नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

मी ती साडी उलगडली आणि मोतिया पदराला अंगठा पुसला. नीट, घासून. आता ती कुणालाच फिरवता येणार नाही. मग घडी केली आणि बाहेर येऊन दादाच्या हातात दिली.

"माहेर तुटलं तुझं," तो म्हणाला.

"वहिनीला दे. धुवून निघणार नाही म्हणावं."

बाकावर मार्था माझ्या अंगठ्याकडे बघत बसली होती. तिनं पुढं काय केलं मला ठाऊक नाही. तिचं तिनं बघावं.

मी तिथून थेट तलाठ्याकडे गेले. वारसनोंदीचा अर्ज जांभळ्या अंगठ्यानंच लिहिला. आईचा हिस्सा दादानं गिळला, माझा घशाखाली जाणार नाही. तिसरा हिस्सा. एक केळं कमी घेणार नाही. माझ्या सहीशिवाय त्या विहिरीवर लिफ्ट चढणार नाही, आणि सही मी करणार नाही.